आधी नाव, मग पाणी

गेल्या फाल्गुनात, एका मंगळवारी सकाळी, बुऱ्हाणपूरच्या एका सरकारी कार्यालयात बोतलवाल्या नानांनी सांगितले की पाण्याच्या नमुन्याच्या लेबलवरचे अक्षर त्यांचे आहे. ते अक्षर त्यांचे नव्हते. माझे होते. मी त्यांच्यापासून चार खुर्च्या सोडून बसले होते आणि गप्प होते.

नानांना ओळखणाऱ्यांना हे खरे वाटणार नाही. शहराच्या पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत ते सॅम्पलर होते. नदीतून, विहिरीतून, नळातून पाणी बाटलीत भरायचे, बाटली बर्फाच्या पेटीत ठेवायची आणि तपासणीला आणून द्यायची, हे त्यांचे काम. बढती त्यांना मिळाली नाही, त्यांनी मागितलीही नाही. चुकीची नोंद मात्र त्यांच्या हातून कधी झाल्याचे प्रयोगशाळेत कोणाला आठवत नव्हते.

बोतलवाले नाना हे नाव गल्लीने ठेवलेले. नवख्या माणसाला त्यातून भलताच संशय येई. शेजारी राहायला आलेल्या बँकेतल्या एका गृहस्थांनी पहिला महिनाभर आपल्या मुलांना नानांच्या ओट्याकडे फिरकू दिले नव्हते. पुढे खरे कळल्यावर ते माफी मागायला आले, तेव्हा नाना म्हणाले, "काही चुकलं नही तुमचं. बोतलवाल्याच्या घरी मीबी नसतं पाठवलं."

त्या ओट्यावर रोज सकाळी बाटल्यांची रांग असे. धूलकोटहून, डोईफोडियाहून पहिल्या बसने येणारी माणसे बाजाराला जाता जाता बाटली ठेवून जात. कोणी नवी बोअर मारलेली असे, कोणाच्या विहिरीला वास येऊ लागलेला असे. बाटलीच्या गळ्याला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली. नाना बाटली उजेडात धरून पाहत, हुंगत, घरातल्या लहानशा पेटीतली औषधे घालून जमेल तेवढी तपासणी करत आणि त्याच चिठ्ठीच्या मागे लिहीत: 'चालेल', 'उकळून', किंवा 'पिऊ नका'. संध्याकाळच्या बसने परतणारा माणूस आपली चिठ्ठी घेऊन जाई. चिठ्ठीवर नाव, ठिकाण आणि वेळ नसेल तर बाटली तशीच परत. "बेनाम पानी मी पाहत नही," एवढेच ते सांगत.

मी इंदूरला पर्यावरण अभियांत्रिकी शिकत होते. घरात ही शाखा कोणाला समजली नव्हती. "मतलब झाडं लावायची का?" असे आत्याने विचारले होते. मामा जास्त स्पष्ट होता. "चार वर्षं शिकून झाडूवाल्यांवरचा सफाई दरोगाच व्हायचं असेल तर तो आपल्या गल्लीतला पांडूबी झालाय, आठवी नापास." तिसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात सहा आठवडे प्रत्यक्ष काम करायचे असते. सोबतच्या मुलांनी मोठ्या शहरांतल्या कंपन्या गाठल्या. मला आमच्या गावातली, बुऱ्हाणपूरचीच पाणी-प्रयोगशाळा मिळाली. तिथल्या साहेबांनी मला नानांच्या हवाली केले आणि ते पुन्हा फायलीत गेले.

पहिल्याच दिवशी मी तापीच्या काठावरून वाकून बाटली भरली. नानांनी ती माझ्या हातातून घेतली आणि पाणी नदीत परत ओतले.

"कायले ओतलं नाना?"

"काठावर भरशील तं काठाचं पानी येईन. नदी मधात हाये."

मग ते स्वतः मांडीभर पाण्यात उतरले आणि मलाही उतरायला लावले. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळायची, तोंड प्रवाहाकडे करायचे, ऑक्सिजन तपासायची बाटली असेल तर तिच्यात एकही बुडबुडा राहू द्यायचा नाही. हे सगळे मी पुस्तकात वाचले होते, परीक्षेत लिहिले होते, त्याचे गुणही मिळवले होते. माझ्या बाटलीत त्या दिवशी बुडबुडा राहिलाच. "तुझ्या मास्तरनं पास केलं तुले," नाना म्हणाले, "नदी नही करनार."

लेबल आधी लिहायचे आणि बाटली नंतर भरायची, हा त्यांचा क्रम कधी बदलला नाही. आधी नाव, मग पाणी. भरलेल्या पाच बाटल्या एकसारख्याच दिसतात आणि माणूस स्वतःच्या आठवणीवर नको इतका विश्वास ठेवतो, असे ते म्हणत. वेळ तेवढी भरण्याच्या क्षणी टाकायची. मी पहिल्या लेबलवर ९.०० लिहिले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून माझ्याकडे पाहिले.

"घड्याळ पाह्यलं का अंदाज मारला?"

"नऊच वाजले असतील ना नाना."

"बरोब्बर नऊ वाजता मानूस घड्याळ पाहत नही, बाटली पाहत असतो. पुरा आकडा दिसला का समजायचं, लिहिनारा तिथी नव्हता."

त्यांच्या रजिस्टरात शून्य-शून्यवर संपणारी वेळ मला सापडली नाही. आठ वाजून सात. पाच वाजून एकोणचाळीस. मी दोन दिवस पाने उलटून शोधले होते, त्यांना चुकीचे ठरवण्यासाठी.

एका रविवारी त्यांनी मला कुंडी भंडारा, म्हणजे जमिनीखालून पाणी आणणारे जुने बोगदे, दाखवायला नेले. इथली माणसे पाहुण्यांना तिथे घेऊन जातात आणि बादशाही काळ सांगतात. नानांनी बादशहाचे नावही काढले नाही. खाली उतरल्यावर भिंतीवर साचलेल्या पांढऱ्या थरावर बोट फिरवून ते म्हणाले, "हा चुना. पान्यातूनच येतो, पान्याचीच वाट अरुंद करतो. एकदम काही बिघडत नही पोरी. थर चढतो." मी ते वाक्य माझ्या प्रशिक्षणाच्या अहवालात घातले. इंदूरच्या सरांना आवडले.

पदवीनंतर आमच्या वर्गाची पांगापांग झाली. एक मुलगा नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात लागला. एक मुलगी प्रदूषण नियंत्रणाच्या सरकारी परीक्षेला तीनदा बसली आणि तिसऱ्यांदा लागली. एक जण नेपानगरकडच्या एका कारखान्यात सांडपाणी शुद्ध करण्याचे संयंत्र, ज्याला सगळे ईटीपी म्हणतात, ते सांभाळतो. एक परदेशी गेला. मी इंदूरच्या एका सल्लागार फर्ममध्ये लागले. कारखान्यांचे पर्यावरण अहवाल तयार करणे हे आमचे काम. नोकरी लागल्यावर मावा जिलेबी घेऊन मी नानांकडे गेले. त्यांनी एक तुकडा खाल्ला आणि विचारले, "अहवाल कोन लिहितं, पाहनारा का न पाहनारा?"

"लिहिते मी. पाहणारा माणूस आमच्याकडे चांगला नाही," मी म्हणाले. ते तेव्हा निवृत्त झाले होते. आमच्या फर्मचे काम करणाऱ्या खाजगी प्रयोगशाळेला या भागासाठी सॅम्पलर हवा होता. मी नानांचे नाव सुचवले. त्यांना पुन्हा बर्फाची पेटी मिळाली, याचा मला अभिमान होता. ते मी बऱ्याच लोकांना सांगितले.

दीड वर्षाने, आषाढात, शहराबाहेरच्या एका कापड रंगाईच्या कारखान्याचे काम आमच्याकडे आले. नाना सकाळी सहा वाजून त्रेचाळीस मिनिटांनी कारखान्याच्या नाल्यात उघडणाऱ्या पाइपाशी गेले. पाणी तांबडे होते. त्यांनी बाटली भरली, लेबल लावले, बर्फात घालून इंदूरला पाठवली. तपासणीत ती नापास झाली. कारखान्याच्या मॅनेजरचा फोन आमच्या फर्मच्या सरांना आला. सरांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितले की सहा वाजता ईटीपी सुरूच झालेला नसतो, तो नमुना प्रातिनिधिक नाही, तू जाऊन दुसरा घे. प्रातिनिधिक हा शब्द आमच्या पाठ्यपुस्तकातला होता. मला तो पटला, किंवा पटवून घेता आला.

मी गेले तेव्हा ईटीपी चालू होता. फक्त मी येणार म्हणून चालू होता, हे तिथल्या ऑपरेटरने न विचारता सांगितले. "मॅडम, सुबह से चला रखा है आपके लिए." मी संयंत्राच्या शेवटच्या नळाखाली बाटली धरली. नाल्यापर्यंत गेले नाही. बाटली आधी भरली, लेबल नंतर लिहिले. वेळेच्या रकान्यात १०.०० लिहिले. घड्याळ पाहिले नव्हते. नमुना घेणाऱ्याच्या रकान्यात काय लिहू, असे मी सरांना फोनवर विचारले. ते म्हणाले, "नाव त्यांचंच राहू दे, रेकॉर्ड एकसारखं दिसतं." त्या लेबलवर सही लागत नसे. नाव पुरे होते. मी नानांचे नाव लिहिले. त्यांच्या पहिल्या बाटलीची नोंद आणि तिचा निकाल फाईलमधून काढून टाकला गेला. तो मीच काढला.

नानांना जाऊन सांगायचे, असे मी कारखान्यातून निघताना ठरवले होते. बसस्टँडपासून त्यांचे घर चालत दहा मिनिटांवर आहे. इंदूरची बस उभी होती. मी बसमध्ये चढले.

कारखान्याच्या नाल्याच्या खालच्या अंगाला पंचवीसेक घरांची वस्ती आहे. माघात तिथल्या हातपंपाचे पाणी गुलाबी येऊ लागले. वस्तीतल्या रुखमाबाई बाटली घेऊन नानांच्या ओट्यावर आल्या. नानांनी चिठ्ठीच्या मागे 'पिऊ नका' लिहिले आणि ते त्यांना म्हणाले, "तक्रार कर. त्या कारखान्याचं सॅम्पल मीच घेतलं व्हतं. लाल व्हतं. रिपोर्ट काढा म्हनाव त्यायले." रुखमाबाईंचा अर्ज नानांनीच लिहून दिला. हे मला सुनावणीच्या दिवशी, अर्ज वाचून दाखवला गेला तेव्हा कळले.

कारखान्याने आपला अहवाल आणला होता. अहवालाला लेबल जोडले होते. फर्मतर्फे मी हजर होते. एका बाजूला रुखमाबाई आणि वस्तीतल्या तीन बाया, मध्ये नाना, दुसरीकडे कारखान्याचे वकील आणि मी. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी सुरुवातीलाच सांगितले, "इसमें कोई काग़ज़ फ़र्ज़ी निकला, तो जिसने लिखा है उस पर एफआईआर होगी." मग लेबल नानांपुढे सरकवले.

नानांनी चष्मा लावला. लेबल उजेडात धरले, बाटली धरत तसेच. किती वेळ पाहिले ते मी मोजले नाही. ते पाहत होते ते १०.०० माझ्या जागेवरून मला दिसत होते. त्यांनी माझ्याकडे मान वळवली नाही.

"नाम तुम्हारा है. अक्षर भी तुम्हारा?"

"जी साहब. मेराच है."

"दस बजे लिया था?"

"जैसा लिखा है, साहब."

रुखमाबाई उठून उभ्या राहिल्या. "नाना, तुमीच तं सांगतलं व्हतं लाल व्हतं म्हनून! तुमीच तं अर्ज लिहून देला!" साहेबांनी त्यांना बसायला सांगितले. त्या बसल्या नाहीत. "आमी काय पानी लाल करून आनलं का? नाना, बोला ना काही. लेकरं पेतात ते पानी." नाना टेबलाकडे पाहत राहिले. तक्रारीत तथ्य आढळले नाही, असा आदेश झाला.

बाहेर पायऱ्यांवर मी त्यांच्याजवळ गेले. तेच आधी बोलले. त्यांनी एकच प्रश्न विचारला, हळू आवाजात.

"बरोब्बर दहाच वाजले व्हते का गं?"

मी म्हणाले, "हो."

त्यांनी मान हलवली आणि ते रिक्षाच्या दिशेने गेले. त्यानंतर आमची भेट झाली नाही.

ते खोटे का बोलले, हे त्यांनी मला सांगितले नाही आणि मी विचारले नाही. एफआयआर, माझी नोकरी, पदवी, आईवडील, यांपैकी कशाचा विचार त्यांनी त्या खोलीत केला असेल, याचे अंदाज मी पुष्कळ केले आहेत. ते इथे लिहीत नाही.

दोन महिन्यांनी मी फर्म सोडली. जळगावच्या एका दैनिकात उपसंपादक झाले. दुजोरा नसलेली बातमी तिथे मी थांबवते. कोणी म्हटले, कोणाकडून समजले, वेळ काय, हे विचारते. नवे वार्ताहर माझ्या माघारी मला घड्याळबाई म्हणतात. ही सवय कोणाची, हे मी त्यांना सांगितलेले नाही. ते सांगायला लागले तर पुढचेही सांगावे लागेल. बुऱ्हाणपूर तिथून दोन-अडीच तासांवर आहे. मी गेले नाही. आईला भेटायला दोनदा गेले, पण नानांच्या गल्लीकडून नव्हे, बाजाराकडून फिरून गेले.

नाना कार्तिकात वारले. नगरपालिकेतल्या वर्गमित्राने फोन करून सांगितले. मी दहाव्या दिवशी घरी गेले. ओटा रिकामा होता. नानांच्या सुनेला मी वहिनी म्हणते. त्यांनी चहा ठेवला आणि सांगितले की रिकामा ओटा आजचा नाही. "सुनावणी झाली त्याच हप्त्यात बाटल्या यायच्या बंद झाल्या. लोकं म्हनाले, कारखान्यानं घेतलं नानाले इकत. पहिले रोज उठून दार उघडायचे, पाह्यचे, आत यायचे. मंग दारबी उघडनं बंद केलं." प्रयोगशाळेनेही त्यांना कळवले होते की आता वयोमानानुसार त्रास देत नाही. बर्फाची पेटी परत नेली होती.

"ते तुमच्याबद्दल काही बोलले नही कधी," वहिनी म्हणाल्या. त्या मला धीर देत होत्या. मग कपाटातून त्यांनी नानांचे शेवटचे रजिस्टर काढले. "हे तुमाले देऊ म्हनत व्हती मी. तुमी त्याच लाईनीतल्या. आमाले काय कळतं यातलं."

आषाढाचे पान होते. सहा वाजून त्रेचाळीस मिनिटे, नाल्याचे तोंड, रंग तांबडा, बाटली इंदूरला रवाना. मी ज्या दिवशी नळाखाली बाटली भरली, त्या दिवशीच्या पानावर काही नव्हते. मी पाने उलटत गेले. फाल्गुनातल्या त्या मंगळवारी एक नोंद होती. नेहमीच्याच रकान्यांत, त्याच तिरप्या अक्षरात.

वेळ: अकरा वाजून तेरा.
ठिकाण: साहेबांची खोली.
शेरा: खोटे बोललो.

त्याखाली दुसरी नोंद नव्हती. पुढची पाने कोरी होती.

मी वहिनींना सगळे सांगितले. लेबल, नळ, दहा वाजता, पायऱ्यांवरचा प्रश्न आणि माझे उत्तर. चहावर साय धरली. मग मी विचारले की हे रजिस्टर मी त्या कार्यालयात दाखल करू का.

"नानाचं नाव साफ निघंन का त्यानं?"

"कारखान्याने विकत घेतलं नव्हतं, हे निघेल. पण ते तिथं खोटं बोलले, हेही निघेल."

वहिनींनी रजिस्टर पुन्हा उघडले, ते पान काढले आणि बोटाने शेवटची ओळ वाचली.

"ते तं त्यायनंच लिहून ठेवलंय," त्या म्हणाल्या. "घेऊन जा. अन् तुमचंबी लिहा."

पुढच्या सोमवारी मी त्याच कार्यालयात गेले. दोन पानांचा जबाब, रजिस्टर, आणि माझ्या अक्षराचा नमुना दिला. जाण्याआधी वस्तीवर जाऊन आले होते. हातपंपाचा दांडा काढून ठेवलेला आहे. पाणी टँकरने येते. रुखमाबाईंनी माझे ऐकून घेतले, बसायला सांगितले नाही, आणि विचारले, "नाना असतानी काबर नही आली?" जबाबावर निर्णय अजून झालेला नाही.

आवक खिडकीवरच्या लिपिकाने कागद मोजले, शिक्का मारला आणि पोचेवर वेळ टाकली: १२.००. माझ्या घड्याळात अकरा वाजून बावन्न मिनिटे झाली होती. मी त्याला वेळ दुरुस्त करायला सांगितले. त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले, बारा खोडले आणि ११.५३ लिहिले.